सायकल आपटून पाहावी

सायकल तपासण्याची सर्वांत जुनी, फुकट आणि तरीही भरवशाची पद्धत म्हणजे ती थोडी उचलून सोडून देणं. दोन्ही टायरांत हवा पुरेशी भरून घ्यायची, हँडल धरून पुढचं चाक जमिनीपासून पाच-सहा बोटं उचलायचं आणि सोडायचं. मग सीट धरून मागचं. सगळं जागेवर असेल तर रबर जमिनीला लागल्याचा एकच बसका आवाज येतो. त्या आवाजाला मागून खळखळ, किणकिण किंवा एखादं कोरडं ‘टक’ जोडलेलं असेल, तर कुठेतरी काहीतरी सैल झालेलं आहे.

कुठे, ते शोधायला डोळ्यांपेक्षा हात बरा. घंटी मुठीत धरून सायकल पुन्हा आपटायची. मग मडगार्ड धरून, मग चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, सीटखाली गुंडाळलेली कुलपाची साखळी. जे धरल्यावर आवाज थांबतो, तो गुन्हेगार. हे किरकोळ आवाज आधी मिटवण्याचं कारण त्यांचा त्रास होतो हे नाही. मडगार्डच्या खडखडाटाखाली दुसरा आवाज लपलेला असतो, हे कारण आहे. घंटी आणि मडगार्ड गप्प झाल्यावरही आतून जड ‘टक’ येत राहिलं, तर ते हँडलखालच्या वाट्यांमधून किंवा चाकाच्या हबमधून येतंय असं समजावं. तो आवाज बोल्ट आवळून जात नाही. उलट भलता नट आवळला तर वाढतो.

इथेच बहुतेक घरगुती तपासण्या चुकतात. घरात पान्यांचा नवा संच आला की रविवारी सकाळी सायकलीवरचा दिसेल तो नट पिळला जातो आणि सायकल ‘टाइट’ केल्याचं समाधान मिळतं. पण सायकलीवर दोन जातींचे भाग असतात. काही भाग एकमेकांवर इतके दाबून बसवायचे असतात की त्यांच्यात केसाइतकीही हालचाल नको. हँडल, सीट, क्रँक, पायडल, ब्रेक, कॅरियर, चाकाचे बाहेरचे नट हे त्यातले. दुसऱ्या जातीचे भाग फिरायचे असतात. हबमधले कोन, हँडलच्या वाट्या, दोन क्रँकांना जोडणारा बीबीचा आस यांना आवळायचं नसतं, बसवायचं असतं. छर्रे मोकळे फिरले पाहिजेत आणि तरी आसाला डुलायला जागा उरता कामा नये. तो बिंदू सापडला की शेजारच्या चेकनटाने जागा पक्की करायची. कोन पिळून घट्ट केला की चाक जड फिरतं, छर्रे वाटीत खड्डे पाडतात आणि काही महिन्यांत मेकॅनिक सांगतो, “कोन गेलाय, वाटीपण गेली, हबच बदलावा लागेल.”

आता ज्या भागांना खरोखर घट्ट बसायचं असतं, त्यांच्याकडे वळू.

बोल्ट आवळताना तो थोडासा ताणला जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच, पण पोलाद ताणलं की स्प्रिंगसारखं परत आखडू पाहतं. त्या आखडण्याने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात, त्या दाबामुळे त्यांच्यात घर्षण तयार होतं आणि खरा भार हे घर्षण पेलतं. कॅरियरवर दुधाचे कॅन असोत की दोन पोरं, ते वजन नीट आवळलेल्या बोल्टला फारसं जाणवतच नाही. कॅरियरची पट्टी फ्रेमच्या कानाला घट्ट चिकटून बसलेली असते आणि ती सरकत नाही. बोल्ट सैल झाला की हे चित्र उलटतं. पट्टी सरकू लागते आणि प्रत्येक खड्ड्याला बोल्ट स्वतः वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. पुष्कळदा असं वाकून पोलादात बारीक चीर पडते. ती आट्याच्या खोबणीत सुरू होते, वाढत जाते आणि एके दिवशी बोल्ट तुटतो. तुटलेल्या बोल्टचा चेहरा नीट पाहावा. त्याचा बराचसा भाग काळपट किंवा गंजलेला आणि उरलेला ताजा, खडबडीत, चमकदार असेल, तर तो आज तुटलेला नाही. तो कित्येक आठवडे तुटत होता. ‘जास्त आवळला म्हणून तुटला’ असं दुकानात सर्रास ऐकू येतं आणि छोट्या बोल्टांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण चालत्या सायकलीवर वाटेत तुटलेले बोल्ट बहुधा सैलपणानेच गेलेले असतात.

पण नीट आवळलेला नट आपोआप सैल का व्हावा? लोक म्हणतात, हादऱ्यांनी. ते बरोबर आहे, मात्र कुठल्या हादऱ्यांनी, हे महत्त्वाचं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के कितीतरी जास्त घातक असतात. आटे म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला उतार. ताणलेला बोल्ट नटाला त्या उतारावरून सतत खाली ढकलत असतो आणि घर्षण त्याला थोपवून धरतं. उतारावरच्या फळीवर धान्याचं पोतं ठेवलं तर ते जागचं हलत नाही, पण बाजूने आडवा धक्का द्या, आडवं सरकता सरकता ते खालीही उतरतं. दाबलेले दोन भाग एकदा का आडवे सरकू लागले, की घर्षणाची सगळी ताकद त्या सरकण्यात खर्च होते आणि नटाला फिरण्यापासून अडवायला काही उरत नाही. मग तो स्वतःच उलगडत जातो. युंकरच्या पद्धतीची चाचणी आजही नट-बोल्ट बनवणारे वापरतात. आपल्याकडे प्रत्येक मेकॅनिकच्या डब्यात असणारा स्प्रिंग वायसर या चाचणीत फारसा टिकत नाही, हे ऐकून अनेकांना वाईट वाटेल. स्प्रिंग वायसर घातला म्हणून निर्धास्त होऊ नये, एवढंच.

ज्यांचा उपयोग होतो, अशा गोष्टी दोन. एक नायलॉक नट, ज्याच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते आणि ती आट्यांना चावून बसते. दुसरी म्हणजे आट्यांना लावायचा डिंक. व्हर्नन क्रीबल या अमेरिकेतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १९५० च्या दशकात असा द्रव बनवला, जो हवेत पातळ राहतो आणि हवा न पोहोचणाऱ्या आट्यांच्या फटीत धातूला लागून कडक होतो. लॉकटाइट हे त्याचं नाव. सायकलीला निळा घ्यावा, तो साध्या पान्याने पुन्हा सुटतो. लाल घेतला तर पुढच्या वेळी नट सोडवायला उष्णता द्यावी लागते. कॅरियर, मडगार्डच्या काड्या आणि बाटलीचा पिंजरा यांच्या बोल्टांना निळ्याचा एक थेंब पुरतो. छर्रे जिथे असतात तिथे मात्र तो फिरकू देऊ नये.

नवी सायकल पहिल्या महिन्यात जास्त सैल होते, याचंही कारण दाबातच आहे. नटाखाली रंगाचा थर असतो, पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात. दाबाखाली ते चेपले जातात आणि बोल्टचा ताण तेवढा कमी होतो. तारांच्या निपलांचंही तसंच, ब्रेकच्या केबलच्या आवरणाचंही तसंच. म्हणून महिनाभर चालवल्यावर दुकानात नेऊन एकदा सगळं पाहून घ्यावं. दुकानदार ही पहिली सर्व्हिस फुकट देतो आणि गिऱ्हाईक ती घ्यायला बहुतेकदा जात नाही.

किती आवळायचं? त्यासाठी टॉर्क रेंच मिळतो, पण अंदाजही बांधता येतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या ॲलन कीच्या टोकावर सुमारे पाच किलो जोर लावला तर पाच न्यूटन-मीटर होतात. हँडल पकडणाऱ्या छोट्या बोल्टांना साधारण पाच-सहा न्यूटन-मीटर लागतात. म्हणजे मनगट वापरायचं, खांदा नाही. पायडल आणि क्रँक यांना मात्र चाळीसच्या आसपास लागतात. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलो. इथे खांदा लागतो आणि घरगुती मंडळी नेमकी इथेच कमी पडतात. छोट्या बोल्टांवर सगळा राग निघतो आणि मोठे अर्धवट राहतात.

पायडलाची गोष्ट मोठी रंजक आहे. सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. उजवं पायडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होतं, डावं उलट दिशेने. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी की पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडलं घट्ट होतात, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतात. या उलट्या आट्यांचं श्रेय विमानवाल्या राइट बंधूंना देतात. विमानाच्या आधी त्यांचं डेटन गावात सायकलींचं दुकान होतं आणि १९०० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या सायकलींत न सुटणारी पायडलं आणली.

आता यातली गंमत. पायडल मारताना छर्ऱ्यांचं जे थोडंफार घर्षण असतं, ते खरं तर उजव्या पायडलाला सोडवण्याच्या दिशेने ओढतं. मग आटे उलट का नकोत? कारण त्याहून बलवान असा दुसरा परिणाम विरुद्ध दिशेने चालू असतो. पायाचा भार नेहमी खाली, क्रँक मात्र फिरणारी. त्यामुळे क्रँकच्या दृष्टीने पाहिलं तर भाराची दिशा भोकाच्या कडेवरून गोल गोल फिरत राहते आणि पायडलाचा आस भोकात किंचित गडगडत विरुद्ध दिशेने सरकतो. डाव्या मुठीत एक पेन्सिल सैल धरून तिचं वरचं टोक उजव्या हाताने गोल फिरवून पाहा. टोक ज्या दिशेने फिरवाल, त्याच्या विरुद्ध दिशेने पेन्सिल स्वतःभोवती वळते. हेच पायडलात घडतं, रोज हजारो वेळा. त्यामुळे आटे योग्य बाजूचे असतील तर चालवता चालवता पायडल घट्ट होत जातं. दुसरा फायदाही आहे. पायडलातले छर्रे कधी एकदम अडकले, तर पायडल क्रँकमधून उलगडतं. तसं झालं नसतं, तर फिरत्या क्रँकने घोटा पिळला असता.

ही सोय पायडल मुळात नीट आवळलेलं असेल तरच कामाची. सैल पायडल क्रँकच्या भोकातले आटे खरवडतं आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये ते काही दिवसांतच संपतात. दर फेऱ्याला एकदाच येणारी, जोर लावल्यावर वाढणारी ‘कट्’ ऐकू आली तर पहिला संशय पायडलावर घ्यावा.

पायडलाच्या आट्यांचा हा नियम बीबीलाही लागतो, पण उलटा. आपल्याकडच्या सायकली ब्रिटिश घराण्याच्या. मद्रासला टीआय सायकल्सने १९४९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर कारखाना काढला, आसनसोलला सेन-रॅलेने. सोनीपतला १९५१ मध्ये ॲटलस आणि लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो उभी राहिली, तीही त्याच घाटाच्या सायकली काढत. म्हणून बीबीची उजवीकडची वाटी उलट्या आट्यांची असते. ती सोडवताना नवशिक्याने हातोड्याने पाना बडवला आणि वाटी आणखी घट्ट करून ठेवली, अशा गोष्टी दर दुकानात सांगतात. फ्रान्स आणि इटलीच्या जुन्या सायकलींत दोन्ही वाट्या सुलट्या आट्यांच्या असत आणि उजवी वाटी सारखी सैल होण्याबद्दल त्या बदनाम होत्या.

बीबी तपासायची ती दोन्ही क्रँका एकाच वेळी धरून. पायडल मारायच्या दिशेने हलवून काही कळत नाही. फ्रेमकडे आत, मग बाहेर, असं आडवं हलवायचं. दोन्ही क्रँका एकत्र डुलल्या तर आसाच्या वाट्या सैल आहेत. एकच डुलली तर दोष त्या क्रँकच्या जोडात आहे. मग क्रँका पाव फेरा फिरवून पुन्हा पाहायचं.

जुन्या घाटाच्या काळ्या सायकलीत हा जोड कॉटर पिनचा असतो. साडेनऊ मिलिमीटर जाडीची ही पिन एका बाजूने तासलेली, म्हणजे खरं तर पाचरच. तिच्या टोकाला नट असतो आणि सगळा घोटाळा त्या नटामुळे होतो. लोकांना वाटतं, नट पिळला की पिन आत ओढली जाते. पिन आत जाते ती हातोड्याच्या ठोक्याने. नटाचं काम ती परत बाहेर येऊ नये एवढंच. नट पिळून पिन ओढायला गेलं की तिचे बारीक आटे जातात आणि मग रस्त्यात पिन गळून पडते. चांगला मेकॅनिक ठोकण्याआधी क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा टेकू देतो, म्हणजे ठोका छर्ऱ्यांवर जात नाही. नवी पिन बसत नसेल तर तिच्या सपाट बाजूवर कानस मारून मारून ती बसवतो. दोन्ही पिना एकमेकींच्या विरुद्ध तोंडांनी बसवायच्या असतात. एकसारख्या बसवल्या तर दोन्ही क्रँका एका रेषेत येत नाहीत आणि सायकल चालवताना लंगडल्यासारखं वाटतं. ठोकल्यावर दोन-चार किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ठोकावं आणि मग नट बसवावा. सैल कॉटर पिनवर सायकल चालवत राहिलं तर पिनेची सपाट बाजू चेपते, ते थोड्या पैशांत भागतं. पण आसाच्या खाचेला खड्डा पडला की नवी पिनही टिकत नाही.

नव्या सायकलीत पिन नसते, आसाचं टोक चौकोनी असतं आणि क्रँक त्यावर बोल्टने दाबून बसवतात. तपासणी तीच. क्रँक डुलत असेल तर घरी येईपर्यंतही चालवू नये, कारण पोलादाचा आस ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल करून टाकतो आणि मग कितीही आवळलं तरी क्रँक बसत नाही.

चाकांबद्दल थोडक्यात. चाक धरणाऱ्या चिमट्याजवळ रिम धरून बाजूला हलवली आणि ‘टक टक’ जाणवलं तर कोन सैल आहे. चाक अधांतरी फिरवून पाहावं, ब्रेकच्या रबरापासून रिमचं अंतर कमी-जास्त होत असेल तर आउट काढून घ्यावा. तारा दोन-दोनच्या जोडीने दाबून पाहाव्यात. एकदम लुळी लागलेली तार म्हणजे निपल सैल किंवा तार तुटलेली. एका बाजूच्या तारा बोटाने छेडल्या तर साधारण एकाच सुरात वाजायला हव्यात.

चाकाला नट असतील तर त्यांच्या खालचे वायसर पाहावेत. पुष्कळ सायकलींच्या पुढच्या चाकाला एक वाकडं नाक असलेली चकती असते, ते नाक चिमट्याच्या भोकात अडकतं. नट सैल झाला तरी चाक निखळून पडू नये म्हणून ती आहे. पंक्चर काढताना ती बाजूला ठेवली जाते आणि तिथेच राहते.

नटाऐवजी खटक्याचा दांडा असेल, तर त्याची वेगळी कथा. इटलीचा तुल्यो काम्पान्योलो १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये क्रोचे दाउने या घाटात शर्यतीत होता, बर्फ पडत होता. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असत आणि गिअर बदलायचा म्हणजे चाक काढून उलटं बसवायचं. गारठलेल्या बोटांनी त्याला नट फिरवता येईनात, असं सांगतात. पुढे १९३० मध्ये त्याने खटक्याच्या दांड्याचं पेटंट घेतलं. ही कथा तंतोतंत खरी आहे की पुढे सजवलेली, यावर इतिहासकार वाद घालतात, दांडा मात्र जगभर पोचला. आणि जगभर लोक तो चुकीचा वापरतात. दांडा नटासारखा गोल फिरवून घट्ट करायचा नसतो. तो उघडा असताना पलीकडची चकती फिरवून ताण ठरवायचा आणि मग दांडा झटकन मिटायचा. मिटताना तो अर्ध्या वाटेत, हबच्या सरळ रेषेत आला की जोर लागू लागायला हवा आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर वळ उमटायला हवा. सहज मिटला तर सैल आहे. अमेरिकेतल्या ट्रेक कंपनीने २०१५ मध्ये अमेरिका-कॅनडात मिळून सुमारे दहा लाख सायकली परत बोलावल्या. उघडा राहिलेला पुढचा दांडा डिस्क ब्रेकच्या चकतीत अडकू शकत होता. दांडा मिटलेला असता तर तसं होण्याचं कारण नव्हतं.

हँडलखालच्या वाट्या तपासायला पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि सायकल मागे-पुढे ढकलायची. दुसऱ्या हाताची दोन बोटं वरच्या वाटीच्या फटीवर ठेवायची. फट उघडमीट करते असं वाटलं तर वाट्या सैल आहेत. पण काळ्या सायकलीत ब्रेकच्या दांड्यांमध्येच इतका खेळ असतो की फसायला होतं. म्हणून हँडल काटकोनात वळवून पुन्हा ढकलावं. ‘टक’ तेव्हाही आलं तर खात्री. नव्या सायकलींत हँडलच्या डोक्यावर एक बोल्ट दिसतो आणि हँडल सैल वाटलं की सगळे तोच पिळतात. त्याचं काम वाट्यांवर दाब ठेवण्याचं आहे, हँडल पकडण्याचं नाही. हँडलच्या मागच्या बाजूचे दोन बोल्ट सोडल्याशिवाय तो पिळून काही होत नाही. आधी ते दोन सोडायचे, मग वरचा हलकेच बसवायचा, हँडल सरळ करायचं, मग ते दोन आवळायचे. झाल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल वळवून पाहायचं. जुन्या पद्धतीच्या हँडलला दांड्यावर उंचीची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. सीटच्या नळीलाही तसंच.

ब्रेकमध्ये एक गोष्ट वारंवार चुकलेली दिसते. जुन्या पद्धतीचा ब्रेकचा रबर ज्या पत्र्याच्या खोबणीत बसतो, ती एका बाजूने बंद आणि एका बाजूने उघडी असते. बंद बाजू पुढे हवी. फिरती रिम रबराला पुढे ओढते, उघडी बाजू पुढे आली तर जोरात ब्रेक दाबला की रबर घसरून बाहेर आणि उरतो तो पत्रा. बाकी केबलचा नट आणि रबराचा नट एवढं पाहावं, आणि लिव्हर मुठीपर्यंत येत नाही ना, हे.

आता हरवलेले भाग. सैल नट निदान आवाज करतो, गळून पडलेला काहीच बोलत नाही. तो शोधायचा तर उणीव बघायला शिकावं लागतं. रिकामं भोक ही पहिली साक्ष. रंगावर गोल चकचकीत वळ असेल तर तिथे अलीकडेपर्यंत वायसर होता. डावी-उजवी बाजू ताडून पाहणं हा सर्वांत सोपा उपाय. मडगार्डची एक काडी दोन बोल्टांवर आणि दुसरी एकावर असेल, तर एक गेलेला आहे. शाळेच्या किंवा ऑफिसच्या स्टँडवर त्याच मॉडेलची दुसरी सायकल असेल तर तिच्याशी ताडावं, कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा ते उपयोगी.

नेहमी हरवणाऱ्या गोष्टी म्हणजे व्हॉल्व्हची टोपी, चेनकव्हरचा स्क्रू, मागचा लाल रिफ्लेक्टर, केबलच्या टोकाची टोपी. त्यातली केबलची टोपी क्षुल्लक वाटते, पण ती गेली की तार उसवते आणि बोटात घुसते. मुलांच्या सायकलीत हँडलच्या टोकाचे प्लास्टिकचे बूच मात्र कधीही क्षुल्लक समजू नयेत. पडताना हँडल वळतं आणि उघड्या नळीची धार पोटात घुसते. मुलांच्या यकृताला आणि आतड्याला अशा इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मूठ फाटून नळी बाहेर डोकावत असेल तर नवी मूठ त्याच दिवशी घालावी.

काही हरवलेले भाग डोळ्यांना दिसतच नाहीत. ओव्हरऑइलिंगला दिलेली सायकल परत आली की आतले छर्रे तेवढेच आहेत का, कोण मोजतं? साध्या सुट्या छर्ऱ्यांच्या हबमध्ये पुढे एका बाजूला सहसा दहा आणि मागे नऊ असतात. वाटीत ते बसल्यावर जेमतेम एका छर्ऱ्याची जागा मोकळी दिसावी. त्याहून जास्त मोकळी असेल तर काही छर्रे दुकानातल्या जमिनीवर आहेत. चाक फिरतं, पण खरखरतं.

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून बहुतांश जोडलेली येते. उरलेलं जोडणाऱ्याची ठरलेली चूक म्हणजे पुढचा चिमटा उलटा. सायकल दिसते ठीक, चालतेही, पण पाऊल पुढच्या चाकाला लागतं आणि हँडल अस्थिर वाटतं. चिमट्याची टोकं पुढे वळलेली हवीत आणि पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला हवा. खोकं लगेच रद्दीत देऊ नये. त्यातल्या पिशव्या झटकून पाहाव्यात, पायडलांबरोबर आलेले दोन वायसर तिथेच असतात.

चेन साधी असेल तर तिच्या कुलपाची कडी पाहावी. वरच्या बाजूने चेन पुढे जाते, त्या दिशेला कडीची बंद बाजू हवी. चेन मध्यावर वर-खाली साधारण अर्धा इंच हलावी, आणि हे क्रँक फिरवत तीन-चार जागी पाहावं, कारण दात्यांचं चक्र क्वचितच नेमकं मध्यावर असतं.

एकदा सगळं आवळून झालं की नेलपॉलिशची बाटली आणावी. प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून शेजारच्या भागावर जाईल अशी बारीक रेघ ओढायची. विमानांच्या देखभालीत अशा रेघा सर्रास मारतात. रेघ तुटली किंवा दोन तुकडे एकमेकांपासून सरकले की नट फिरला, हे पान्याशिवाय चालता चालता दिसतं. पायडल, क्रँक, चाकाचे नट, ब्रेकचे नट, कॅरियर एवढ्यांवर पुरे. रोज सकाळी सगळे नट पिळत बसण्यापेक्षा हे बरं, कारण दरवेळी पिळल्याने आटेही झिजतात. आणि तोच नट पुन्हा पुन्हा फिरत असेल, तर तो आवळण्याआधी तिथे काय सरकतंय ते शोधावं. वायसर झिजलाय, भोक लांबट झालंय, की कॅरियरची एक काडीच तुटलीये.

हरवलेल्या बोल्टची जोड शोधायला पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात गेलं तर ढीगच्या ढीग मिळतात, पण आटे जुळणं ही वेगळी गोष्ट. जुन्या सायकलींचे आटे इंचाच्या मापातले, नव्यांचे मिलिमीटरच्या. दोन्ही डोळ्यांना एकच वाटतात. कॅरियर आणि बाटलीच्या पिंजऱ्याला नव्या सायकलीत बहुधा पाच मिलिमीटरचा बोल्ट लागतो, त्याच्या षट्कोनी डोक्याला आठचा पाना. सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहाचा. नवा बोल्ट आधी पान्याने नाही, बोटांनी लावावा. आधी उलटा फिरवायचा, आटे एकमेकांवर पडल्याचा हलका टिचकीसारखा आवाज आला की तिथून सुलटा. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले तरच पाना. दुसऱ्याच फेऱ्याला अडला तर तो त्या भोकाचा बोल्ट नव्हे. दुकानात परत जावं, आणि जाताना नमुन्याला दुसऱ्या बाजूचा शाबूत बोल्ट खिशात घेऊन जावा.